आज इथे जेवले

"बाई, एकट्याच?"

गल्ल्यावरच्या माणसाने एवढं विचारलं की विमलताईंच्या डाव्या भुवईवर एक शीर उठायची. "का? दोन तोंडं असल्याशिवाय वाढत नाही का तुमच्याकडे?" असं म्हणून त्या उत्तरासाठी न थांबता आत जायच्या आणि बरोबर मधल्या टेबलाशी बसायच्या. कोपऱ्यातलं किंवा भिंतीकडेचं टेबल त्यांना चालायचं नाही. "कोपऱ्यात उष्टी भांडी ठेवतात," त्या म्हणायच्या.

विमल तळवणेकर. वय बेचाळीस, लग्न केलेलं नाही. राहायला घाटकोपरच्या भटवाडीत, म्हाताऱ्या वडिलांबरोबर. नोकरी मुलुंडला, एका औषधांच्या कारखान्यात, पॅकिंग खात्यात. कारखान्याची सुट्टी गुरुवारी. दर गुरुवारी त्या उपनगरातल्या दोन-तीन हॉटेलांत जाऊन जेवायच्या आणि जे खाल्लं त्याबद्दल आमच्या साप्ताहिकात लिहायच्या. गिरण्यांच्या संपानंतरची ती दोन-अडीच वर्षं. घाटकोपर पश्चिमेला एका वाण्याच्या दुकानामागे आमचा छापखाना होता. शिशाचे खिळे जुळवणारा कंपोझिटर मीच, प्रुफं बघणाराही मीच. म्हणजे विमलताईंनी लिहिलेला शब्द न् शब्द माझ्या बोटांखालून गेलेला आहे, आणि त्यांच्याशी जे वाईट वागणं झालं तेही माझ्याच बोटांनी झालेलं आहे. आज इतक्या वर्षांनी त्यांच्याबद्दल लिहायला बसलोय तर आधी हे सांगून टाकलेलं बरं.

त्या आमच्याकडे आल्या त्या भांडायलाच. आमचे संपादक राऊतसाहेब हॉटेलांवर एक सदर लिहायचे. लिहायचे म्हणजे खुर्चीतून न उठता लिहायचे. ज्या हॉटेलाची जाहिरात त्या हॉटेलाची इडली कापसासारखी. एकदा त्यांनी विक्रोळीच्या एका हॉटेलातल्या मिसळीच्या तर्रीचं वर्णन अर्धा कॉलम भरून केलं. आठवड्याने एक पोस्टकार्ड आलं. बारीक, सरळ, एकमेकांना न चिकटणारी अक्षरं.

"आपण वाखाणलेली मिसळ खायला मी काल गेले होते. त्या हॉटेलात मिसळ मिळत नाही. कधीच मिळत नव्हती. मालक म्हणाला, आता छापून आलंच आहे तर सुरू करावी म्हणतो. आपल्याला जेवायला जाणं जमत नसेल तर निदान लिहू नका."

राऊतसाहेब खूप हसले. मला वाटतं त्यांना त्यात आपले कष्ट वाचवण्याचा मार्ग दिसला. त्यांनी विमलताईंना बोलावून घेतलं आणि म्हणाले, "मग तुम्हीच लिहा की." सदराचं नाव ठरलं ‘आज इथे जेवलो’. खाली सही ‘खवय्या’.

"नाव छापणार नाही हां तुमचं," राऊतसाहेब म्हणाले. "बाईमाणूस गावभर हॉटेलं हिंडतंय हे बरं दिसत नाही. तुमच्याच भल्यासाठी सांगतो."

"नाव मलाही नको. हॉटेलवाले ओळखायला लागले तर मला वेगळं वाढतील," विमलताई म्हणाल्या.

नावापुरतं त्यांनी मान्य केलं होतं. क्रियापदांचं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

पहिला लेख आला. मी गेले, मी बसले, मी म्हणाले. राऊतसाहेबांनी तो वाचून माझ्यासमोर टाकला. "घाडी, फार काही करायला लागणार नाही. सगळीकडे एकेक काना लावत चला."

खरंच फार काही करायला लागलं नाही. ‘गेले’ला एक काना लावला की ‘गेलो’ होतं. ‘बसले’चं ‘बसलो’, ‘म्हणाले’चं ‘म्हणालो’. खिळ्यांच्या खणातून एक उभी रेघ उचलायची, अक्षरापुढे ठेवायची, की बाईचा पुरुष. मी चौतीस वर्षांचा होतो, आणि मला त्यात गंमत वाटली होती. हेही सांगून टाकतो.

अंक निघाला त्या दिवशी विमलताई छापखान्यात आल्या. अंक उघडून राऊतसाहेबांसमोर धरला. "हा कोण जेवला?"

"अहो, ती लिहिण्याची पद्धत असते."

"जेवले मी. पोट माझं. ढेकर याने दिली?"

मला वाटलं, आता या परत येत नाहीत. पण पुढच्या आठवड्यात लेख आला. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "त्या मुलुंडच्या फाटकाजवळच्या भजीवाल्याबद्दल लोकांना कळायला हवं. मी बाई आहे हे नाही कळलं तर त्याच्या कढईचं काही बिघडत नाही." या वाक्याचा पुढे त्यांना फार त्रास झाला. पण एक होतं. अडीच वर्षांत त्यांनी स्वतःच्या हाताने ‘लो’ एकदाही लिहिलं नाही. दर आठवड्याला त्या ‘ले’ लिहायच्या, दर आठवड्याला मी काना लावायचो. एकदा मी म्हटलं, "विमलताई, तुम्हीच लिहून आणा ना तसं. माझं काम वाचेल."

"खोटं तुम्ही छापता. मी कशाला लिहू?"

त्यांची खाण्याची रीत ठरलेली होती. एका ठिकाणी तीनदा जायचं. एकदा कडकडून भूक लागलेली असताना, एकदा घरून जेवून आणि एकदा दुपारी चारला, आचारी दमलेला असतो तेव्हा. "भुकेल्या पोटी सगळेच आचारी चांगले," असं त्यांचं म्हणणं. बसल्या की आधी पाण्याचा ग्लास नाकाशी. ग्लासाला वास आला तर उठून चालू पडायच्या. पूर्ण जेवण मागवायच्या नाहीत, त्या हॉटेलची जी काही एक खास वस्तू असेल तेवढीच. वाटीतली भाजी चमच्याने न हलवता कडेने बघायच्या, तेल किती वेळा वापरलंय ते त्यांना कडेवरून कळायचं. दिवसभर गोळ्यांची पाकिटं हाताळून बोटं इतकी तयार झाली होती की इडलीवर अंगठा टेकवला की पीठ कधीचं ते सांगायच्या. मालकाने "चहा घ्या, आमच्याकडून" म्हटलं की उठून उभ्या राहायच्या.

आणि राग. राग हा त्यांचा खरा मसाला होता. गरिबाच्या हॉटेलावर त्या कधी चिडल्या नाहीत. वाकडी बाकडी, फुटकी कपबशी, माशा, सगळं त्यांनी सोसलं. चिडायच्या त्या फसवणुकीवर. छोल्यात सोडा, श्रीखंडात मैदा, कालचं तेल. "आठ तास उभा राहिलेला माणूस इथे येऊन बसतो," त्या मला म्हणायच्या, "आणि हे त्याच्यापुढे रंग ठेवतात. रंग! त्यापेक्षा थोबाडीत मारा की."

भजीवाल्यावर त्यांनी लिहिलं होतं, "मुलुंडच्या फाटकाजवळ जो मुगाची भजी तळतो त्याच्या उजव्या हाताला तीनच बोटं आहेत. त्यामुळे भजी लहान पडतात आणि आतपर्यंत शिजतात. पाच बोटांच्या लोकांनी त्याच्याकडे जाऊन शिकावं." आणि बोरिवलीच्या एका चकचकीत हॉटेलबद्दल, "पनीरच्या भाजीतला लाल रंग माझ्या रुमालाला लागला तो तीन धुण्यांत गेला नाही. रुमाल मालकांना पाठवत आहे. धुऊन परत करावा." रुमाल त्यांनी खरोखर पाठवला होता. आला नाही परत.

अंधेरीचा प्रसंग मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. स्टेशनच्या पूर्वेला एक उडप्याचं हॉटेल होतं, रवा डोशासाठी नावाजलेलं. विमलताई तिथे दोनदा जाऊन न खाता परत आल्या. कुणी ऑर्डरच घेईना. सदर रिकामं जायला नको म्हणून राऊतसाहेबांनी मला सांगितलं, "घाडी, सोबत जा." सोबत हा शब्द ऐकून विमलताईंची शीर उठली, पण निघाल्या.

आम्ही दारात पोचलो तर वेटरने जिन्याकडे बोट दाखवलं. "फॅमिली रूम वर आहे."

मी ती खोली नंतर जाऊन बघितली. प्लायवूडचे कप्पे, हिरवे मळके पडदे, पंखा नाही. बाईने जेवायचं ते पडद्याआड, घामाने निथळत, चोरी केल्यासारखं.

"मी फॅमिली नाही," विमलताई म्हणाल्या. "मला डोसा हवाय." मग माझ्याकडे वळल्या. "घाडी, तुम्ही त्या तिकडच्या टेबलावर बसा. माझ्यासमोर बसलात तर यांना सोपं जाईल."

मी तिकडे बसलो. दोन मिनिटांत माझ्यासमोर पाणी आलं, पाचव्या मिनिटाला डोसा. विमलताई मधल्या टेबलाशी बसून राहिल्या. पाव तास. अर्धा तास. त्यांच्या टेबलाच्या बाकीच्या तीन खुर्च्या उचलून दुसरीकडे नेल्या गेल्या. शेजारचा एक गृहस्थ मोठ्याने म्हणाला, "घरी काही चुली विझल्यात काय?" दोघं-तिघं हसले. मी डोसा खात होतो. चांगला होता, ही शरमेची गोष्ट आहे पण होता.

पाऊण तासाने विमलताई उठल्या. मला वाटलं, निघाल्या. त्या सरळ आत भटारखान्याच्या दारात गेल्या. आचारी तव्याकडे तोंड करून उभा होता, उघडा, पाठीवर घामाचे ओघळ.

"अण्णा, रवा डोसा मिळेल?"

"मिळेल ना," तो न वळता म्हणाला.

त्याने तिथेच करून दिला. विमलताईंनी तो भटारखान्याच्या दाराशी, ताटली हातात धरून, उभ्याने खाल्ला. शेवटच्या तुकड्यापर्यंत. मग आचाऱ्याला म्हणाल्या, "जाळी सुंदर पडलीय. मिरी अख्खी टाकता ते सोडू नका." त्याने पहिल्यांदा वळून पाहिलं आणि दोन्ही हात जोडले.

त्या आठवड्यात त्यांनी लिहिलं, "असा रवा डोसा उपनगरात दुसरीकडे नाही. तो मी उभ्याने खाल्ला, कारण बसलेल्या बाईला तिथे कुणी वाढत नाही." राऊतसाहेबांनी स्वल्पविरामापुढचं सगळं लाल पेनने उडवलं. "तो मी उभ्याने खाल्ला" एवढंच छापून आलं. वाचकांना वाटलं, डोसा इतका उत्तम की खवय्याला बसायचाही धीर निघाला नाही. हॉटेलवाल्याने ते कात्रण फ्रेम करून गल्ल्यामागे लावलं. पुढच्याच अंकात त्याची जाहिरात आली.

विमलताईंनी ती जाहिरात बघितली. म्हणाल्या, "राऊतांना सांगा, पेनातली शाई संपेल एक दिवस." पण ती शाई संपली नाही, आणि खरी वाट लागली ती भांडुपला.

भांडुपला टेकडीच्या अंगाला एका चाळीत शेवंती नावाची बाई खानावळ चालवायची. खानावळ म्हणजे तिची राहती खोली. नवरा दत्ताराम गिरणीत होता, संपापासून घरी. शेवंती दुपारी कारखान्यातल्या दहा-बारा जणांना जेवायला घालायची. पुरुष बाहेर ओटीवर पत्रावळी घेऊन बसत. विमलताई बाई, त्यात तिच्याच गावाकडच्या, तळवण्याच्या. त्यांना शेवंतीने आत चुलीशी पाट दिला. विमलताई एकामागून एक तीन गुरुवार गेल्या. लिहिणारी म्हणून गेल्या नव्हत्या, जेवणारी म्हणून गेल्या होत्या, त्यामुळे शेवंतीला काही माहीत नव्हतं.

मग लेख आला. मी त्यांचे शंभरावर लेख जुळवले असतील, पण असा दुसरा नाही. तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, सुक्यावर होता. "मी तिच्या चुलीशी पाटावर बसले. ती वाटण वाटत होती, पाठ घामाने भिजलेली, पाट्यावर खोबरं लोण्यासारखं होत चाललेलं. तिसऱ्या उघडल्या तशी तिने एक शिंपली उचलली, आतलं मांस हाताने माझ्या तोंडात घातलं आणि म्हणाली, मीठ बघ. मी काही बोलले नाही. आई गेल्यापासून असं कुणी विचारलं नव्हतं."

शेवटचं वाक्य राऊतसाहेबांनी काढलं. "रडकं नको." बाकी माझ्याकडे आलं.

मी हातात खिळे जुळवायची स्टिक घेऊन उभा राहिलो. ‘बसले’. पुढे काना. मी तिच्या चुलीशी पाटावर बसलो. तिने हाताने माझ्या तोंडात घातलं. मला कळलं. मी मूर्ख नव्हतो. मी स्टिक ठेवून आत गेलो आणि म्हटलं, "साहेब, हे जरा... परक्या पुरुषाने चुलीशी बसणं, तिने भरवणं. त्या बाईचं नाव आहे यात, चाळीचा पत्ता आहे."

"अहो, उलट रंगत येते! छापा."

मी छापलं.

दहा-बारा दिवसांनी शेवंती छापखान्यात आली. डोक्यावरून पदर, डावा गाल सुजलेला, डोळ्याखाली निळं. हातात आमचा अंक, घामाने मऊ झालेला.

"तो खवय्यो कोण? माका तेचा तोंड बघूचा आसा."

मी स्टूल पुढे केलं. ती बसली नाही. चाळीतल्या कुणीतरी दत्तारामला लेख वाचून दाखवला होता. ओटीवर मोठ्याने, सगळ्यांसमोर, दोनदा. नवऱ्याने विचारलं, तीनदा येऊन चुलीशी बसलेला हा कोण. शेवंती म्हणाली, कुणीच नाही, फक्त ती तळवण्याची बाय येते. मग नवऱ्याने अंक दाखवला. छापलेलं होतं. खानावळ बंद. आता तो तिला दाराबाहेर पाऊल टाकू देत नव्हता, नळावरसुद्धा पाठोपाठ येत होता. आज तो झोपलेला असताना ती निघून आली होती.

मी सांगितलं, "शेवंतीबाई, लिहिणारी तीच आहे. तळवण्याची."

ती कागदाच्या गठ्ठ्यावर बसली.

"मगे तुमी ‘बसलो’ कित्याक छापलास?"

ती उठली आणि गेली.

विमलताईंना मी गुरुवारी सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. मला त्यांचं ओरडणं सवयीचं होतं, हे नव्हतं. त्यांनी मूळ लेख मागितला. जुने कागद आम्ही तारेला टोचून ठेवायचो, त्यातून मी तो काढून दिला. कागद चार घड्या करून पिशवीत टाकला आणि निघाल्या. मी शर्टाला हात पुसले आणि मागोमाग गेलो.

दत्ताराम ओटीवर बसला होता. दाढी वाढलेली, अंगावर गिरणीतली खाकी हाफपँट. विमलताई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, कागद उघडला आणि मोठ्याने वाचायला लागल्या. मी बसले. मी जेवले. मी काही बोलले नाही. चाळीतली माणसं गोळा झाली. शेवंती आत दाराआड होती, तिचं फक्त पाऊल दिसत होतं. आई गेल्यापासूनचं ते वाक्य वाचताना विमलताईंचा आवाज जराही हलला नाही.

दत्तारामने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "म्हणजे छापलेला खोटा आणि हातान लिवलेला खरा?"

"हो."

"मग ह्या छापून आणा."

"आणते," विमलताई म्हणाल्या. आणि वळता वळता थांबून म्हणाल्या, "आणि तिच्या गालावर जे केलंत ते कुठल्या पेपरात वाचून केलंत?" तो उठून उभा राहिला. माणसं मध्ये पडली. मी विमलताईंच्या हाताला धरून बाजूला घेऊ लागलो तर त्यांनी हात झटकला.

राऊतसाहेबांनी दुरुस्ती छापायला नकार दिला. "अहो, दोन वर्षं वाचकांना फसवलं असं म्हणतील लोक."

"फसवलंच आहे."

"आणि कुठल्या तरी नवराबायकोच्या भानगडीत पेपराने का पडावं?"

"पेपराने त्यांना पाडलंय, राऊत!"

त्यांनी तोवर ‘साहेब’ कधी सोडलं नव्हतं.

पुढच्या बुधवारी, पानं बांधायच्या दिवशी, विमलताई कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढून दुपारी छापखान्यात आल्या. राऊतसाहेब चित्रांचे ब्लॉक आणायला दादरला गेले होते. विमलताईंनी पाच ओळींचा कागद माझ्यापुढे ठेवला. "घाडी, जुळवा."

मी कागद वाचला आणि म्हटलं, "विमलताई, नोकरी जाईल माझी. दोन मुलं आहेत."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ती शीर उठलेली नव्हती. उठली असती तर मला बरं वाटलं असतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग खण दाखवा."

त्यांनी पदर खोचला, स्टिक डाव्या हातात घेतली. "म कुठे?" मी बोट दाखवलं. "ब?" मी बोट दाखवलं. टाइप उलटा असतो, आरशातल्यासारखा. त्या प्रत्येक खिळा उजेडात धरून बघायच्या, मग बसवायच्या. पॅकिंग खात्यातली बोटं, पण हे काम निराळं. पाच ओळींना दीड तास लागला. बाहेर वाण्याकडे तराजूचा आवाज येत होता, आत आम्ही दोघं, आणि मी खेळात न घेतलेल्या मुलासारखा फक्त बोट दाखवत होतो. एक खिळा त्यांनी उलटा बसवला. तो मी काढून सरळ केला. एवढंच मी केलं. ओळी पानात सदराच्या खाली त्यांनीच बसवल्या, आणि राऊतसाहेब यायच्या आत पान बांधून झालं.

"या सदरातला प्रत्येक मजकूर मी लिहिला आहे. मी बाई आहे. भांडुपच्या खानावळीत चुलीशी मी बसले होते, आणि तिथे जेवले ती मी. माझ्या लिहिण्यात पुरुष छापखान्यात घातला गेला. – विमल तळवणेकर, घाटकोपर."

अंक शुक्रवारी बाहेर पडला. राऊतसाहेबांनी तो माझ्या तोंडावर फेकला. "कुणी जुळवलं हे?" मी म्हटलं, "माहीत नाही." तेवढ्यात वाण्याकडच्या फोनवर निरोप आला. राऊतसाहेब जाऊन आले ते लाल होऊन. विमलताईंनी सांगितलं होतं, "मी जुळवलं. घाडी तेव्हा जेवायला गेले होते." माझी नोकरी अशी राहिली.

विमलताईंचं सदर बंद झालं. पत्रं आली. अशी पत्रं की मी ती बायकोला दाखवली नाहीत. ‘हिला घरी चूल नाही काय’ हे त्यातलं सभ्य. ज्यांनी खाली नाव-पत्ता घातला होता त्यांची पत्रं विमलताईंनी मागून नेली, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनने दुरुस्त केल्या आणि ज्याची त्याला पोस्टाने परत पाठवली.

दत्ताराम एकदा येऊन गेला. अंकाच्या दोन प्रती घेतल्या. त्यातली एक त्याने दारावर भाताच्या खळीने चिकटवली, असं नंतर कळलं. खानावळ पुन्हा सुरू झाली. मारल्याबद्दल तो कुणाला काही म्हणाला नाही, आणि कुणी त्याला विचारलंही नाही.

खानावळ सुरू झाल्यावरच्या गुरुवारी विमलताई टेकडी चढून गेल्या. मी सोबत गेलो होतो, पण खाली नळाशी थांबलो. शेवंती दारात आली. पदराला हात पुसत ती जे बोलली ते मला खालपर्यंत ऐकू आलं.

"तुमी येव नको, बाय. तुमी वायट नाय. पन माजा नाव परत कागदार नको."

"मी लिहिणार नाही आता."

"तरी नको."

विमलताई खाली आल्या. चेहरा काळा पडलेला. नळाशी थांबून त्यांनी ओंजळभर पाणी तोंडावर मारलं.

"तिचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तिचा मला राग येत नाही, याचाच राग येतोय." मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "तुम्ही लेख वाचता वाचता जुळवत होतात ना? तुम्हाला तेव्हा कळलं होतं की नाही, खरं सांगा."

"कळलं होतं."

"मग तुमच्यापेक्षा राऊत बरे, घाडी. त्यांना निदान कळत तरी नाही."

एवढं बोलून त्या चालायला लागल्या. त्यानंतर त्या छापखान्यात आल्या नाहीत. राऊतसाहेबांनी सदर पुन्हा स्वतःकडे घेतलं, आणि महिन्याभरात उपनगरातल्या सगळ्या इडल्या पुन्हा कापसासारख्या झाल्या.

दशक संपत आलं तेव्हा आमचा छापखाना बंद पडला. मी मुलुंडला एका दुसऱ्या छापखान्यात लागलो. तिथे पेपर नव्हता, पावतीपुस्तकं, लेबलं, कारखान्यांच्या कॅन्टीनची कुपनं असलीच कामं. एके दिवशी कुपनांचे गठ्ठे पोचवायला मला एका औषधांच्या कारखान्यात पाठवलं. तो त्यांचाच कारखाना, हे मला फाटकातून आत शिरल्यावर लक्षात आलं.

कॅन्टीनमध्ये चहाची वेळ होती. निळ्या झग्यातल्या, डोक्याला फडकं बांधलेल्या बायकांची रांग. रांगेच्या तोंडाशी विमलताई. केस पांढरे झालेले, चष्मा आलेला. त्यांच्यासमोर कॅन्टीनचा ठेकेदार, पोट सुटलेला, हातात झारा.

"हा कालचा आहे," विमलताई म्हणत होत्या. ताटलीत बटाटावडा होता.

"नाही मॅडम, सकाळचाच आहे. ताजा."

विमलताईंनी वडा मधोमध फोडला आणि अर्धा त्याच्या नाकाशी धरला. "घ्या वास."

"मॅडम, बाकी कुणाची तक्रार नाही. तुम्ही एकट्याच..."

"वास घ्या."

त्याने घेतला. तोंड फिरवलं.

विमलताईंनी ताटली काउंटरवर ठेवली. त्यांच्यामागच्या मुलीने आपली ठेवली. तिच्यामागच्या बाईने ठेवली. मग मागून एकेक स्टीलची ताटली येत गेली, हातोहात, शेवटपर्यंत, काउंटरवर जागा उरली नाही. मी कुपनांचा गठ्ठा छातीशी धरून दाराशी उभा होतो. विमलताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. दिसलोही नसेन.

"तेल ओता ते," त्या ठेकेदाराला म्हणाल्या. "नवं घाला. नवा घाणा काढा. आम्ही थांबतो."

आणि सगळ्याजणी थांबल्या.